घड्याळाची पुरुमेंत

आमच्या मंडळीचं, म्हणजे बायकोचं, बारावं झालं, पाहुणे उठले, आणि मुलाने माझ्या मनगटावर घड्याळ बांधलं. मी हात मागे घेतला नाही. पुढेही केला नाही. तो बांधत होता आणि मी परसातल्या पत्रावळींवर कावळे बसलेले बघत होतो.

"बाबा, ह्या वाजला की गोळी घ्यायची," तो म्हणाला. "सकाळी एक, सांजवेळी एक. गणपतीच्या चवथीपर्यंत एक पण चुकली नाय, तर तुमी हयच रवा, मी परत तोंड उघडचंय नाय. चुकली तर घराक कुलूप आणि माझ्याबरोबर म्हापशाक."

"कबूल," मी म्हटलं.

त्याला वाटलं होतं मी भांडेन. मला भांडायचं सुचलं नाही. पण म्हापशाला जायचं नाही हे मात्र मनात पक्कं होतं. त्याची जागा तिसऱ्या माळ्यावर. तिथे जनेल म्हणजे खिडकी उघडली की समोरच्याच्या न्हाणीचं जनेल. मी गेलो होतो एकदा, दोन दिवसांत परत आलो. सर्वणचं हे घर मी बांधलेलं. खाणीवर ट्रक चालवायचो तेव्हा आयतवारी सुटी असायची. त्या सुटीत चिरे स्वतः आणले, स्वतः उतरवले, गवंड्याला फक्त ओळंबा धरायला लावला. गोवा मुक्त झाल्यावर देवळाच्या मंडपात मराठी शाळा सुरू झाली. तीत लहान पोरांमध्ये मी घोडा होऊन बसायचो, तिसरीनंतर बापाने गुरांमागे लावलं. एवढीच माझी शाळा. पण सही मी स्वतःची स्वतः करतो, आणि माझ्या घरात कधी झोपायचं कधी उठायचं हे मला कोणी सांगितलेलं नाही. तिने सुद्धा नाही.

गोळ्या तेवढ्या ती द्यायची. मागच्या वर्षी परसात गवत कापताना मी चक्कर येऊन पडलो होतो, तेव्हा डिचोलीच्या डॉक्टरने सांगितलं की रक्ताचा दाब चढतो, गोळी जन्मभर. मग ती सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन समोर यायची, मी तोंड उघडायचो. गोळीचा रंग कुठला हे मी ती गेल्यावर बघितलं. पिवळा.

घड्याळाबद्दल मुलाने मला नीट समजावलं. त्याच्या कंपनीतल्या कुणी परदेशातून आणलेलं. "हेका सेल बदलूक नको, चावी नको. ह्या उजेड खाता. तोंडावर उजेड पडलो की पोटात जाता, थंय साठता, आणि मग काळोखात तेच्यावर चलता."

"आणि पावसात?" मी विचारलं. "चार म्हयने सूर्य खंय दिसता?"

"एकदा पोट भरला की म्हयनेच्या म्हयने चलता. तुमी फक्त सदऱ्याच्या बाहीत लपवू नको. आणि गरम जाग्यार ठेवू नको. गाडीच्या काचेमागे बिचेमागे."

माझ्याकडे गाडी नव्हती. म्हणून ते शेवटचं मी कानामागे टाकलं.

घड्याळाच्या तोंडावर आकडे होते, काटे नव्हते. खालच्या कोपऱ्यात एक बारीक इंग्रजी अक्षर असायचं. मला इंग्रजी येत नाही, पण आकार कळतात. पोट भरलेलं असलं की शिडीच्या पायरीसारखं अक्षर. दोन खांब, मध्ये एक दांडी. अर्धं झालं की दोन डोंगर एकमेकांना टेकलेले. आणि भूक लागली की कुदळ. उभा दांडा, खाली आडवं पातं. मुलगा म्हणाला, कुदळ दिसली की उन्हात बसायचं. आणखी खाली गेलं की आधी त्याचा आवाज बंद होतो, मग दिवा. आकडे सगळ्यात शेवटी जातात. वेळ सांगायची ताकद ते शेवटपर्यंत राखून ठेवतं.

आणखी एक गोष्ट त्याची मला पहिल्या आठवड्यात कळली. मी ते काढून कपाटात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी काढून बघतो तर तोंड कोरं. मेलं असं वाटलं. ओसरीवर आणलं आणि आकडे आले, वेळ बरोबर. काळोखात बराच वेळ राहिलं की ते स्वतःहून डोळे मिटतं, आतून मोजत राहतं, एवढंच. मी ते परत मनगटावर बांधलं आणि सकाळची गोळी घेतली.

त्या दिवसांत मला रडू आलं नाही. शिगमो आला, ढोल वाजले, कारापूरहून तिच्या माहेरची माणसं भेटायला आली. तिची भावजय ओसरीवर बसून दुसरीला सांगत होती, मला ऐकू येईल एवढ्या हळू. "दगड असा तो. डोळ्याक पाणी म्हणून नाय." मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा केला. साखर जास्त पडली असावी, कारण कुणी पूर्ण प्यायलं नाही. दगड म्हणाली, तेही मला लागलं नाही. माझ्या चिऱ्यांच्या घरात दगड म्हणजे वाईट नव्हे.

घड्याळ वाजायचं, मी गोळी घ्यायचो. चैत्र गेला.

वैशाखात पुरुमेंत करायची असते. पावसाचे महिने बाजार धड भरत नाही, म्हणून आमच्याकडे बायका आधीच सगळं भरून ठेवतात. सुकी खारी मासळी, मिरची, कांद्याच्या माळा, चिंच, कोकमाची सोलां. दरवर्षी ती करायची. यंदा माझ्या एकट्यासाठी काय करायची, पण परसातल्या भिरंडीला, म्हणजे कोकमाच्या झाडाला, फळं लागली ती खाली पडून लाल चिखल होऊ लागला. म्हणून मी बसलो. भिरंडं फोडायची, गर वेगळा काढायचा, साली उन्हात घालायच्या, संध्याकाळी परत त्याच रसा-मिठात बुडवायच्या, सकाळी परत उन्हात. हात लाल होतात. मी करत गेलो. तिचं बघून बघून हाताला येत होतं.

तिसऱ्या दिवशी आंगणात बांबूच्या तट्टीवर साली पसरताना मनगटाकडे लक्ष गेलं. दोन डोंगर दिसत होते. मला वाटलं, पाऊस तोंडावर आला आणि हे अर्धं पोट घेऊन बसलंय. सगळ्या घराची पुरुमेंत होते, मग ह्याची कोण करणार? ह्याला चार महिन्यांचं ऊन आताच भरून ठेवायला हवं. मी ते काढलं आणि तट्टीवर, सालींच्या मधोमध, आकाशाकडे तोंड करून ठेवलं. वैशाखातलं बारा वाजताचं ऊन, खाली तापलेला चिरा. ह्याच्यापेक्षा जास्त उजेड डिचोली तालुक्यात कुठे नव्हता.

शेजारची कुंपणावरून बघत होती. ती वरच्या बाजूची, दोडामार्गाची. नवरा ट्रकवर, लग्न होऊन इथे भाड्याने आली आणि राहिली. जीभ धारेची.

"काका, घड्याळाची सोलां करतास काय?"

"पुरुमेंत करतंय," मी म्हटलं. "पावसात खावक."

"मीठ लावलात?"

"तू लाव येवन."

"आणि उलटा करूक नको? एका बाजून सुकतला ना." ती हसत हसत आत गेली.

दुपार कलल्यावर मी उचलायला गेलो. हाताला चटका बसला. तोंड काळंठिक्कर पडलं होतं, आकडे नाहीत, अक्षर नाही, शाई सांडल्यासारखं सगळं. मी ते फडक्यात गुंडाळून पाण्याच्या घागरीजवळ ठेवलं. संध्याकाळपर्यंत काळेपणा ओसरला, आकडे आले, आणि कोपऱ्यात शिडीची पायरी. भरलं, मी म्हटलं. आणि पुढचे तीन दिवसही तसंच ठेवत गेलो, सोलां पुरती सुकेपर्यंत. दर संध्याकाळी काळं, दर रात्री शिडी. मला वाटलं, काळं पडणं म्हणजे पोट गच्च होणं. ट्रकचं इंजिन तापलं की थांबावं हे मला कळत होतं. घड्याळाच्या पोटाचं कळलं नाही.

पाऊस लागला. आमच्याकडे पाऊस लागतो म्हणजे लागतोच. डोंगरावरून आभाळ उतरून माडांवर बसतं आणि दुपारी सुद्धा घरात दिवा लावावा लागतो. मी निर्धास्त होतो. पण मृग सरला नाही तोच शिडी गेली, डोंगर आले. आणि आणखी थोड्या दिवसांत कुदळ.

एवढं भरलेलं गेलं कुठे? मी त्याला दोष दिला, मग मुलाला दोष दिला, मग कामाला लागलो. दिवसाचं माझं तेच काम झालं. सकाळी ओसरीच्या पायरीवर हात बाहेर काढून बसायचं, पागोळ्यांच्या आत, उजेडाच्या जेवढं जवळ जाता येईल तेवढं. बाही कोपराच्या वर. थंडी वाजायची. ढग पातळ झाले की आंगणाच्या मध्यात छत्री घेऊन उभं राहायचं, घड्याळ छत्रीच्या बाहेर, मी आत. शेजारणीने विचारलं, "काका, भीक मागतास काय देवाकडे?" घरातल्या दिव्याखाली मेजावर ठेवून बघितलं. दिव्याच्या अगदी जवळ धरलं तर तापायला लागलं, तेव्हा थोडी भीती वाटली आणि लांब केलं. लांब केल्यावर काही होत नव्हतं.

गावच्या तिठ्यावर एक बार आहे. तिथे दिव्याच्या पांढऱ्या नळ्या लावलेल्या, भर दुपारी डोळे दिपावेत अशा. मी दुपारचा तिथे जाऊन बसलो, हात मेजावर, तोंड वर. मालक ओळखीचा, माझ्याबरोबरच खाणीवर होता.

"काय देऊ?"

"उजेड."

त्याने घड्याळावर वाकून बघितलं. "ह्याका सोडो घालू की पाणी?"

"तसोच दी."

तो हसला, आणि त्याने माझ्यापुढे कोकमाचं सरबत ठेवलं. मी तिथे चार वाजेपर्यंत बसायचो. बसायला बरं होतं. पावसाचा आवाज पत्र्यावर, समोर कुणी तरी पत्ते खेळत. काही वाटत नव्हतं आणि वाटून घ्यायची गरज नव्हती, अक्षर बदलतं का तेवढं बघायचं. एखाद्या दिवशी कुदळ जाऊन डोंगर यायचे, घरी पोचेपर्यंत परत कुदळ. पुढे कुदळ लुकलुकायला लागली. तरी आकडे होते. आकडे आहेत म्हणजे चालतंय, असं मी धरून चाललो.

मुलगा त्या दिवसांत आला नव्हता. कंपनीत त्याच्या पाळ्या बदलल्या होत्या आणि डिचोलीच्या वाटेवर पाणी भरत होतं. फोन लागला तर विचारायचा, "बाबा, बरे असात मा?" मी म्हणायचो, "असंय." तेवढंच. आम्ही दोघे फोनवर कधी जास्त बोललो नाही. बोलायची ती.

मग श्रावण लागायच्या आधी एकदा मी चहाची पूड शोधत होतो. फळीवर तिचा बिस्किटांचा जुना डबा होता, गोळ्या त्यात असायच्या. डबा उचलला तो जड लागला. उघडून बघितलं. मुलाने पावसाआधी आणून ठेवलेल्या पट्ट्या जवळजवळ सगळ्या भरलेल्या, पिवळ्या गोळ्या ओळीने. वरची एक तेवढी अर्धी.

मी पट्ट्या परत एकदा मोजल्या. गोळी शेवटची कधी घेतली ते आठवेना. मग घड्याळाची कळ दाबून बघितली, आवाजाची. वाजलं नाही. आवाज आधी बंद होतो हे मला सांगितलेलं होतं. मी दिवसभर त्याला उजेड भरवत होतो, त्याच्या तोंडाकडे बघत होतो, आणि ते कधीपासून मुकं झालं ते मला समजलं नाही. ते वाजायचं म्हणून मी गोळी घ्यायचो. वाजलं नाही, म्हणून घेतली नाही. मध्ये मी कुठेच नव्हतो.

पाय सुजले होते तेही तेव्हाच बघितलं. त्या दिवसापासून मी पोदेराच्या भोंग्यावर गोळी घ्यायला लागलो. पाववाला सायकलवरून सकाळी येतो आणि दिवेलागणीला येतो, पाऊस असो नसो. त्याचा भोंगा वाजला की पाव आणि गोळी. ते जमलं. पण मागच्या पट्ट्या भरलेल्या त्या भरलेल्याच. शर्त तुटलेली होती.

शेजारीण पावाचे पैसे द्यायला कुंपणाशी आली तेव्हा मी तिला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

"एवढाच ना?" ती म्हणाली. "गोळयो काढा आणि माडाच्या मुळात घाला. पट्ट्यो रिकाम्यो दाखवा. कोणाक कळतला?"

"माडाक काय होतला?"

"माडाचो प्रेशर उतरतलो. नारळ खाली लागतले, तुमका काढूक बरे."

मी हसलो असेन, कारण ती पण हसली. मग गंभीर झाली. "काका, खरा सांगतंय. तुमका थंय करमाचा नाय. घाला माडात."

मी डबा परत फळीवर ठेवला. शर्त मी कबूल केली होती. तीत माडाचं नाव नव्हतं.

श्रावणातल्या आयतवारी आमच्याकडे सवाष्णी सूर्याची पूजा करतात. पाटावर चंदनाचा सूर्य काढायचा आणि वर निरनिराळी पत्री वाहायची. नेमका तो महिना असा की सूर्य स्वतः दिसत नाही. पत्रीसाठी शेजारीण माझ्या परसात आली होती, डोक्यावर गोणपाटाची खोळ, ओच्यात पानं. "तुज्या देवाक सांग," मी म्हटलं, "माझ्या घड्याळाक मूठभर उजेड दी म्हणून." ती म्हणाली, "सांगतंय. पण तो आधी माझ्या कपड्यांचा बघतलो, तीन दिवस सुकूक नाय." तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली. मुलगा आला होता. ती ओच्यातली पानं घेऊन तशीच थांबली.

तो आत आला, पाय धुतले, देवाला हात जोडले. आईच्या खुर्चीवर बसला नाही, पायरीवर बसला. मी आत गेलो, डबा आणला आणि त्याच्यापुढे उघडून ठेवला.

त्याने पट्ट्या एक एक करून बाहेर काढल्या.

"घड्याळ वाजूक नाय?"

"नाय."

"कधीपासून?"

"माका ठाऊक नाय."

त्याने माझा हात ओढून घेतला, कळा दाबल्या, घड्याळ कानाशी नेलं. "ह्याचा पोट गेलेला दिसता. खंय तापला काय, बाबा?"

"वैशाखात सोलांबरोबर सुकत घातलेलंय. पावसाची पुरुमेंत म्हणून."

तो एकदम हसला. मोठ्याने, आईसारखा. आंगणात थांबलेली शेजारीण पण हसली. मग तोच पट्ट्या परत डब्यात भरू लागला, नीट, कडेला कड लावून.

"जावंदे," तो म्हणाला. "मी दुसरा आणतंय. नायतर तुमच्या फोनात घंटी लावून देतंय. आणि शेजारची वहिनी असा, ती हाक मारतली."

"मारतलंय मा," शेजारीण म्हणाली. "दोन हाको मारीन."

"नाय," मी म्हटलं.

"काय नाय?"

"बोलणा झाला ता झाला. चुकली तर कुलूप. चुकली."

"बाबा, ता मी रागान बोललंय. आई गेलेली, माका काय सुचणा नव्हता."

"मी रागान कबूल करूक नाय."

तो उठला. "आता तुमीच हट्ट धरतास? मी सांगतंय रवा म्हणून!"

"तू सांगतंस म्हणून रवाचंय नाय आणि तू सांगतंस म्हणून जावचंय नाय," मी म्हटलं. "मी बोललंय म्हणून जातंय."

शेजारणीने कपाळाला हात लावला. तिच्या ओच्यातली पानं आंगणात पडली. "काका, ह्या शहाणपण नव्हे," ती म्हणाली. मी तिची पानं गोळा करून दिली. मला जायचं नव्हतं, आणि राहायला मागावं असंही आतून काही उठत नव्हतं. दिलेला शब्द तेवढा राहिला होता. त्याला धरून चालता येत होतं.

मी कपडे पिशवीत भरले. दोन धोतरं, सदरे, कांबळं. न्हाणीघरातली चूल विझवली. जनेलं एक एक करून लावून घेतली, मागच्या दाराला आतून आडणा घातला. देवाची समई शेजारीण लावणार असं ठरलं. त्यासाठी तिला चावी दिली. पूजा तिची तशीच राहिली होती. ती चावी मुठीत धरून रडायला लागली, पदर तोंडाशी, अगदी घरचं माणूस गेल्यासारखी. मी बघितलं की ती रडते आहे. पडवीत मी पावसाळ्याची लाकडं रचून ठेवली होती, त्यांच्यावरचं ताडपत्रीचं टोक वाऱ्याने सुटलं होतं.

"ता झाकून घे," मी म्हटलं. "आणि लाकडां वापर. माका आता नको."

गाडीत मी पुढे बसलो. मुलगा पायरीवरून परत परत घराकडे बघत होता, मग येऊन बसला. काचेवरचं फडकं पाणी पुसत होतं. सर्वणची उतरण संपून डिचोलीचा रस्ता लागतो तिथे त्याने गाडी बाजूला न घेता वाटेतच थांबवली. दोन्ही हात चाकावर.

"बाबा," तो म्हणाला, "अजून सांगा. फिरवतंय मी गाडी."

मागून भोंगा आला, मोठा, भरलेल्या गाडीचा. आरशात बघितलं.

"चल पुढे," मी म्हटलं. "मागे ट्रक लागलेलो असा. उतरणीवर तेका थांबवू नको."

त्याने गाडी पुढे घेतली.